पंगतीतून उठता न आलेला पाहुणा : टोकियो, ८ जानेवारी १९९२

८ जानेवारी १९९२ ची रात्र. टोकियोत जपानचे पंतप्रधान किइची मियाझावा यांच्या अधिकृत निवासस्थानी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या सन्मानार्थ मेजवानी चालू आहे. सुमारे १३५ निमंत्रित बसले आहेत. कच्चा सामन मासा आणि कॅव्हियार वाढून झाले आहेत, मिरीच्या सॉसमधले गोमांस अजून यायचे आहे. घड्याळात ८ वाजून २० मिनिटे झाली आहेत. ६७ वर्षांच्या जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांचा चेहरा पांढराफटक पडतो, त्यांना शेजारी बसलेल्या यजमानांच्या मांडीवर उलटी होते आणि शुद्ध हरपून ते त्यांच्याच अंगावर कलंडतात. ७२ वर्षांचे मियाझावा त्यांचे डोके हातांनी सावरून धरतात. बार्बरा बुश नॅपकिनने पतीचे तोंड पुसतात. सुरक्षारक्षक धावतात.

या प्रसंगाची चित्रफीत आजही गंमत म्हणून समाजमाध्यमांवर फिरत असते. मात्र तिच्यात न दिसणारा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पोटात कालवाकालव आहे हे बुश यांना त्या क्षणी अचानक कळले नव्हते. मेजवानीपूर्वी पाहुण्यांच्या स्वागतासाठी रांगेत उभे असतानाच त्यांना मळमळू लागले होते. ते रांग सोडून प्रसाधनगृहात गेले, तिथे त्यांना एकदा उलटी झाली, तोंड धुऊन ते परत आले आणि जेवायला बसले. जगातील सर्वांत शक्तिशाली समजल्या जाणाऱ्या मनुष्याला ‘मला बरे वाटत नाही, मी झोपतो’ एवढे साधे वाक्य का उच्चारता आले नाही, हा या धाग्याचा विषय आहे.

त्यासाठी दोन महिने मागे जावे लागेल.

हा दौरा मुळात नोव्हेंबर १९९१ अखेरीस व्हायचा होता. आखाती युद्धातील विजयानंतर बुश यांची लोकप्रियता शिखरावर पोहोचली होती, परंतु अर्थव्यवस्था मंदीत होती आणि राष्ट्राध्यक्षांना परदेशाचेच अधिक वेड आहे अशी टीका वाढत होती. ५ नोव्हेंबर १९९१ रोजी पेनसिल्व्हेनियातील सिनेटच्या पोटनिवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. त्याच दिवशी दौरा पुढे ढकलल्याची घोषणा झाली. योगायोग असा की मियाझावा पंतप्रधान झाले तेही त्याच दिवशी.

दौरा पुन्हा ठरला तेव्हा त्याचे रूप पालटले होते. सामरिक मैत्रीचा दौरा आता ‘नोकऱ्यांसाठीचा दौरा’ झाला. बुश यांच्यासोबत उद्योगपतींचे शिष्टमंडळ होते आणि त्यात डेट्रॉइटच्या तिन्ही बड्या मोटार कंपन्यांचे प्रमुख होते : क्रायस्लरचे ली आयकोका, जनरल मोटर्सचे रॉबर्ट स्टेम्पल, फोर्डचे हॅरॉल्ड पोलिंग. अमेरिकेची जपानशी असलेली व्यापारी तूट वर्षाला ४० अब्ज डॉलरहून अधिक होती आणि तिचा मोठा हिस्सा मोटारी व त्यांच्या सुट्या भागांचा होता. दौऱ्याला निघण्याच्या बारा दिवस आधी, १८ डिसेंबरला, जनरल मोटर्सने २१ कारखाने बंद करण्याची आणि ७४,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली होती. निवडणुकीचे वर्ष उजाडत होते. साध्या भाषेत सांगायचे तर महासत्तेचा प्रमुख हातात विक्रेत्याची बॅग घेऊन निघाला होता.

३० डिसेंबरला वॉशिंग्टनहून विमान सुटले. सिडनी, कॅनबेरा, मेलबर्न. मग सिंगापूर, सोल आणि शेवटी जपान. बारा दिवस, चार देश. ऑस्ट्रेलियात भर उन्हाळा, सिंगापुरात विषुववृत्तावरचा दमट उकाडा, सोलमध्ये गोठवणारी थंडी.

येथे शरीराच्या घड्याळाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून तो दिवस-रात्र ओळखतो आणि झोप, शरीराचे तापमान, संप्रेरके यांची वेळ ठरवतो. यकृत, आतडी यांचीही आपापली घड्याळे असतात आणि ती मुख्य घड्याळाइतक्या लवकर जुळत नाहीत. त्यामुळे लांबच्या विमानप्रवासानंतर डोळ्यांना रात्र दिसते, पण जठराला अजून आदल्या गावची पहाट असते. यालाच जेट लॅग म्हणतात. हा शब्द १९६० च्या दशकातील, म्हणजे जेट विमानांचा प्रवास सर्रास झाल्यानंतरचा. बोटीने इंग्लंडला जाणाऱ्याला हा विकार ठाऊकच नव्हता, कारण रोज थोडे थोडे घड्याळ सरकवत शरीर सोबत चालत असे. ढोबळमानाने एका तासाच्या फरकासाठी शरीराला एक दिवस लागतो.

आता बुश यांचा हिशेब मांडून पाहावा. सिडनी वॉशिंग्टनच्या १६ तास पुढे. तिथे शरीर जरा रुळते न रुळते तोच सिंगापूर, म्हणजे तीन तास मागे. मग सोल, एक तास पुढे. टोकियो वॉशिंग्टनच्या १४ तास पुढे. म्हणजे मेजवानीतील ती ८ वाजून २० मिनिटांची वेळ वॉशिंग्टनमध्ये सकाळी ६ वाजून २० मिनिटांची होती. नऊ दिवसांत शरीर बरेच जुळलेले असणार हे खरे. म्हणून ‘जेट लॅगमुळे राष्ट्राध्यक्ष कोसळले’ असे विधान करणे चुकीचे ठरेल. डॉक्टरांचे निदान आतड्यांच्या विषाणुजन्य आजाराचे होते. परंतु झोपेची घडी विस्कटलेले, थकलेले शरीर हे अशा संसर्गाचे सोपे लक्ष्य असते. शिवाय प्रवासात झोप यावी म्हणून बुश अधूनमधून हॅल्सियन नावाची गोळी घेत असत, हे व्हाइट हाउसने मान्य केले होते. याच गोळीवर ब्रिटनने काही महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, बंदी घातली होती. तिच्यावरूनही पुढे बरीच चर्चा झाली.

थकव्याचा हा शत्रू राजकारण्यांना अपरिचित होता असे नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये रिचर्ड निक्सन चीनला गेले तेव्हा त्यांनी हवाई आणि ग्वाम येथे मुद्दाम मुक्काम करीत, शरीराला सवय लावत प्रवास केला. २१ फेब्रुवारीला ते बीजिंगला उतरले, त्याच दिवशी माओंना भेटले आणि त्याच रात्री चौ एन-लाय यांच्या मेजवानीत टेबलाटेबलाशी जाऊन माओताईचे पेले उंचावत राहिले. त्याआधी पूर्वतयारीसाठी गेलेले अलेक्झांडर हेग यांनी ती दारू इतकी जहाल असल्याचे पाहिले होते की राष्ट्राध्यक्षांनी शुभेच्छेचा पेला उचलावा पण प्रत्यक्षात पिऊ नये, असा निक्षून इशारा पाठवला होता. याउलट १९८२ च्या जूनमध्ये युरोपच्या दौऱ्यावर असलेले रोनाल्ड रेगन व्हॅटिकनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांचे भाषण चालू असताना कॅमेऱ्यांसमोर डुलक्या घेताना दिसले. रेगन यांच्याबाबतीत लोकांनी ते हसून सोडून दिले. बुश यांच्या वाट्याला ती सवलत येणार नव्हती.

याची कारणे त्यांच्या शरीराच्या अलीकडच्या इतिहासात होती. मे १९९१ मध्ये कॅम्प डेव्हिडला धावताना त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले होते आणि तपासणीत थायरॉइडचा ग्रेव्ह्ज आजार निघाला होता. उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांच्याविषयी जनतेला फारसा भरवसा नव्हता. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष ठणठणीत आहेत हे दाखवणे ही त्या वर्षात जणू सरकारी जबाबदारी होऊन बसली होती. बुश दौऱ्यावरही व्यायाम सोडत नव्हते. ७ जानेवारीला क्योटोच्या जुन्या राजवाड्यात त्यांनी केमारी हा चेंडू पायाने उडवत ठेवण्याचा प्राचीन खेळ पाहिला आणि स्वतःही त्यात भाग घेतला. त्याच दिवशी नारा प्रांतातील काशिहारा येथे खेळण्यांच्या एका अमेरिकी दुकानसाखळीच्या नव्या दुकानाला भेट दिली. जपानमधील मोठ्या दुकानांविषयीचे कायदे अमेरिकी मालाला अडवतात ही तक्रार होती, म्हणून राष्ट्राध्यक्ष चक्क दुकानाच्या उद्घाटनाला. ८ तारखेला टोकियोत सम्राट अकिहितो आणि युवराज नारुहितो यांच्याविरुद्ध टेनिसचा दुहेरी सामना झाला. बुश यांचे जोडीदार होते जपानमधील अमेरिकी राजदूत मायकेल आर्माकॉस्ट. ५८ वर्षांचे सम्राट आणि ३१ वर्षांचे युवराज यांनी पाहुण्यांना सहज हरवले. काही तासांनी मेजवानी होती.

आता त्या खुर्चीकडे परत येऊ. आपल्याकडे पंगतीतून मधेच उठू नये असा संकेत आहे. एक जण उठला तर साऱ्या पंगतीचा विरस होतो आणि यजमानाला वाटते की आपल्या पाहुणचारात काही उणे राहिले. राजनैतिक मेजवानी ही याच संकेताची कडक, लिखित आवृत्ती आहे. कोण कोणाच्या उजवीकडे बसेल, कोणता पदार्थ कधी येईल, शुभेच्छेचे भाषण कोण आधी करील, सारे आठवडेच्या आठवडे आधी ठरलेले असते. प्रमुख पाहुणा हजर नसेल तर मेजवानीला अर्थच उरत नाही, कारण जेवण हे निमित्त असते. दोन राष्ट्रे एका टेबलाशी बसू शकतात हे दाखवणे हा हेतू असतो. व्यापाराच्या बोलण्यांत कडवटपणा आलेला असताना अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेवणाला आलाच नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ काय लावला गेला असता? मळमळीचे कारण कोणी खरे मानले असते का? आणि मानले असते, तर राष्ट्राध्यक्ष आजारी ही बातमी झाली असतीच. न जाणे आणि जाऊन आजारी पडणे, यांत बुश यांनी तिसरी वाट निवडली : दात आवळून बसून राहायचे.

या माणसाला ते अशक्य वाटले नसणार. चीनमध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून आणि आठ वर्षे उपराष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी असंख्य मेजवान्या आणि परदेशी नेत्यांच्या अंत्ययात्रा पार पाडल्या होत्या. जपानशी तर त्यांचे नाते त्याहून जुने होते. २ सप्टेंबर १९४४ रोजी चिचिजिमा बेटावर हल्ला करताना जपानी विमानविरोधी तोफांनी या वीस वर्षांच्या नौदल वैमानिकाचे विमान पाडले होते. सोबतचे दोघे वाचले नाहीत. बुश यांना अमेरिकी पाणबुडीने समुद्रातून उचलले. ते विमान टीबीएम अ‍ॅव्हेंजर जातीचे होते आणि ‘टीबीएम’ ही अक्षरे असलेली अ‍ॅव्हेंजर विमाने जनरल मोटर्सच्या कारखान्यांत बनत. त्याच कंपनीचा प्रमुख आता त्याच वैमानिकासोबत जपानकडे गाऱ्हाणे घेऊन आला होता.

जपान-अमेरिका मेजवान्यांच्या इतिहासात यापूर्वीही एकदा शरीराने शिष्टाचार मोडला होता, तो मात्र उलट दिशेने. मार्च १८५४ मध्ये कमोडोर मॅथ्यू पेरी यांनी आपल्या पोव्हॅटन या युद्धनौकेवर जपानी अधिकाऱ्यांना मेजवानी दिली. मद्य वाहत होते. मात्सुझाकी नावाच्या एका जपानी प्रतिनिधीने रंगात येऊन पेरींच्या गळ्यात मिठी घातली. त्यात कमोडोरांच्या खांद्यावरची झुपकेदार पदचिन्हे चुरगळली. अमेरिकी वृत्तान्तात नोंद आहे की पेरींनी ते आनंदाने सोसले. करारावर सही होत असेल तर त्यांची कशालाच ना नव्हती. चार दिवसांनी कानागावाचा करार झाला आणि जपानची बंदरे उघडू लागली. १३८ वर्षांनी पाहुणा आणि यजमान यांच्या जागा बदलल्या होत्या. बाजार उघडा अशी मागणी करणारा पक्ष मात्र तोच होता.

कोसळल्यानंतर काही मिनिटांत बुश शुद्धीवर आले, स्वतःच्या पायांवर उभे राहिले, क्षमा मागितली आणि ओव्हरकोट चढवून अकासाका राजवाड्यातील आपल्या मुक्कामी गेले. पंगत मात्र उठली नाही. बार्बरा बुश तिथेच थांबल्या. त्यांनी उभे राहून सांगितले की दोष सगळा राजदूत आर्माकॉस्ट यांचा आहे. त्यांनी आज टेनिसमध्ये सामना घालवला आणि बुश कुटुंबाला हरण्याची सवय नाही. सभागृह हसले. मग राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी राष्ट्राध्यक्षांच्या वतीने शुभेच्छेचे भाषण पुरे केले. त्या रात्री सर्वांत कुशल राजनैतिक कामगिरी कोणाची, असे विचारले तर उत्तर बार्बरा यांच्याच नावाकडे जाते. अधिकृत पद नसलेल्या एका स्त्रीने दोन मिनिटांच्या विनोदात राष्ट्राध्यक्ष जिवंत आहेत, घाबरण्याचे कारण नाही आणि यजमानांचा काही दोष नाही, या तिन्ही गोष्टी कळवल्या.

पण ते दृश्य कॅमेऱ्यात पकडले गेले होते. अमेरिका झोपेतून जागी होत होती आणि दूरदर्शनवर राष्ट्राध्यक्ष टेबलाखाली घसरताना दिसत होते. त्याच सकाळी आयडाहो राज्यातील एका इसमाने राष्ट्राध्यक्षांचा डॉक्टर असल्याची बतावणी करून सीएनएनला फोन केला आणि बुश मरण पावल्याचे सांगितले. वृत्तनिवेदकाने ‘अद्याप दुजोरा नाही’ असे म्हणत बातमी वाचायला सुरुवातही केली होती. कोणीतरी ऐन वेळी त्याला थांबवले. चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्यांचे युग किती कोवळे होते याची ही खूण आहे. जपानी भाषेत तर ‘बुशु सुरु’, म्हणजे ‘बुश करणे’, हा ओकारीसाठीचा गमतीदार शब्दप्रयोगच रुळला.

दुसऱ्या दिवशी, ९ जानेवारीला, सकाळी विश्रांती घेऊन बुश दुपारी मियाझावांसोबत पत्रकारांपुढे आले. टोकियो घोषणापत्र जाहीर झाले. जपानी मोटार कंपन्यांनी अमेरिकी सुट्या भागांची खरेदी १९९० च्या ९ अब्ज डॉलरवरून १९९४ च्या आर्थिक वर्षापर्यंत १९ अब्जांवर नेण्याचे आणि सुमारे २०,००० अमेरिकी मोटारी विकत घेण्याचे लक्ष्य मान्य केले. डेट्रॉइटच्या प्रमुखांना हे तुटपुंजे वाटले. मायदेशी परतताच आयकोकांनी जपानवर आगपाखड करणारे भाषण ठोकले. जपान्यांचे प्रत्युत्तरही तयार होते आणि ते सर्वस्वी अन्यायाचे नव्हते : रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या देशात डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्या विकायला आणायच्या आणि खपत नाहीत म्हणून तक्रार करायची, हा कोणता व्यापार? जानेवारी संपण्याआधी जपानी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती योशिओ साकुराउची अमेरिकी कामगारांना आळशी आणि निरक्षर म्हणून मोकळे झाले. मांडीवर डोके सावरण्याच्या त्या चित्रातील जिव्हाळा दोन आठवडेही टिकला नाही.

यातील एक बाजू त्या वेळी फारशी कोणाला दिसली नाही. त्या टेबलाशी आजार लपवून बसलेला एकटा पाहुणाच नव्हता. १९८९ च्या डिसेंबरअखेरीस निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला होता. १९९२ च्या जानेवारीत तो फार खाली आला होता, जमिनीच्या किमती ओसरू लागल्या होत्या आणि बँकांच्या वह्यांत बुडीत कर्जे साचत होती. ज्या जपानच्या भरभराटीला अमेरिका भीत होती, ती भरभराट तेव्हाच संपलेली होती. नोव्हेंबर १९९२ मध्ये बुश निवडणूक हरले. ऑगस्ट १९९३ मध्ये मियाझावांचे पद गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पक्षाची १९५५ पासूनची अखंड सत्ताही.

आणि ज्यांच्या नोकऱ्यांच्या नावाने ही मेजवानी झाली, त्यांचे काय झाले? २४ फेब्रुवारी १९९२ रोजी, म्हणजे सात आठवड्यांच्या आत, जनरल मोटर्सने १९९१ सालचा ४.४५ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला आणि बंद होणाऱ्या कारखान्यांची नावे सांगितली. मिशिगनमधील विलो रन आणि टेक्सासमधील आर्लिंग्टन या दोन ठिकाणी एकाच प्रकारच्या मोठ्या गाड्या जुळवल्या जात होत्या. दोहोंतून एकच ठेवायचे होते. दोन्हीकडचे कामगार कित्येक आठवडे आपल्या गावाचे नाव यादीत येईल का या चिंतेत होते. कंपनीने आर्लिंग्टन ठेवले.

विलो रन बंद होणार असल्याचे तिथल्या कामगारांना त्या दिवशी समजले. दुसऱ्या महायुद्धात याच ठिकाणी बी-२४ बॉम्बफेकी विमाने बनत असत.